आमच्या घरातले मसूर स्टेशन

जुनी वस्तू घरात आली की तिच्या मागून काम येते, असे आमच्या पत्नीचे म्हणणे आहे. दीड वर्षापूर्वी कचेरीतील एका सहकाऱ्याने घर बदलताना आम्हाला पुठ्ठ्याचे एक खोके दिले. त्यात परदेशी बनावटीची खेळातली आगगाडी होती. एक इंजिन, दोन डबे, रुळांचे तुकडे आणि घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा छोटा डबा. मुलाने त्याच रात्री ती फरशीवर गोल मांडून चालवली. दोन दिवस घर दणाणले. तिसऱ्या दिवशी गाडी परत खोक्यात गेली. गोल गोल फिरणाऱ्या गाडीला कुठे जायचेच नसते. मग बघणाऱ्याने तरी किती वेळ बघायचे?

मुलगा नववीत आहे. तो म्हणाला, "बाबा, खरं वाटेल असं स्टेशन करू या." कोणते करायचे यावर चर्चा झाली. त्याला दादर हवे होते. मुलगी कॉलेजात आहे आणि विहारातील रविवारच्या वाचनवर्गात वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे असते. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "मसूर करा."

वाचकांपैकी बहुतेकांना मसूर ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत पहिलाच प्रसंग मसूर स्टेशनचा लिहिला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या आठवणी १९९० साली पुस्तिकारूपाने छापल्या. साल १९०१, उन्हाळ्याची सुट्टी. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. त्यांच्याकडे जायला भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले अशी चौघे साताऱ्याहून निघाली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या, आणि आगगाडीत बसायचा आनंद. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तर आधी मायेने विचारपूस करू लागला आणि जात कळताच बदलला. बैलगाडीवाले त्यांना गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरून साडेसहाच्या सुमारास ती निघाली. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही.

हे आम्ही भाषणांत अनेक वेळा सांगितले आहे. करायला बसलो तेव्हा लक्षात आले की आम्हाला त्यातले फार थोडे माहीत होते.

पहिला प्रश्न मापाचा. आमच्या खेळण्यातल्या रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांचे सत्त्याऐंशीपट लहान रूप असते. मसूरवरून जाणारा मार्ग मात्र त्या काळी सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर. (आज तो मध्य रेल्वेचा पुणे-मिरज ब्रॉडगेज मार्ग आहे.) एक मीटर भागिले साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे साधारण साठ. बी.कॉम.चे गणित येथे कामी आले. रूळ तेच ठेवायचे आणि बाकी सर्व वस्तू एकास साठ या प्रमाणात करायच्या. मोठा माणूस साडेसत्तावीस मिलिमीटरचा. दहा वर्षांचे मूल दोन सेंटिमीटरहून जरासेच मोठे. प्लायवूडची फळी सहा फूट लांब, दोन फूट रुंद घेतली. त्यावर एकशे दहा मीटर लांबीची जागा बसते. लहान स्टेशनाला तेवढी पुरे. दोन फुटांत गाडीला गोल वळण घेता येत नाही, म्हणून रूळ सरळच टाकला. गाडी एका बाजूने यायची आणि दुसऱ्या बाजूने जायची. सरळ रूळ विकत मागवावे लागले आणि सर्वांत जास्त पैसे त्यातच गेले.

इंजिनाचे आतले यंत्र तेच ठेवले. वरचे डिझेल इंजिनाचे कवच काढले आणि वायरिंगच्या वीस मिलिमीटर पाइपचा बॉयलर करून वाफेचे इंजिन बसवले. डबे पुठ्ठ्याचे. माणसे तारेच्या सांगाड्यावर एम-सील लावून केली. बैलगाडीच्या चाकाचे आरे दात कोरायच्या काड्यांचे.

स्टेशनाचा त्या काळचा फोटो आमच्या हाती नव्हता. म्हणून हुबेहूब नक्कल केल्याचा दावा आम्ही करत नाही. त्या काळच्या लहान स्टेशनांची ठेवण घेतली : दगडी भिंती, उतरते छप्पर, मास्तरांची एक खोली, पुढे बुटका फलाट. मात्र जे ठाऊक होते त्यात तडजोड केली नाही. मुलाने फलाटावर विजेचे खांब उभे केले होते. ते काढून रॉकेलचे कंदील लावले आणि रुळाकडेने तारायंत्राचे खांब उभारून काळा दोरा ओढला. त्याने लाकडाचा भुसा हिरवा रंगवून सगळीकडे सुंदर गवत पसरले होते. मुलगी म्हणाली, "अरे, उन्हाळा आहे. वडील दुष्काळी तलावाच्या कामावर आहेत. हिरवं कुठून आणलंस?" तो रुसला. पण रविवारी त्यानेच सगळे खरवडले आणि वाळवलेला चहाचा चोथा व पिवळट भुसा मिसळून उघडी जमीन केली. ती पाहिल्यावर प्रथमच आम्हाला त्या संध्याकाळची तहान जाणवली.

आमचे वडील, अण्णा, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झाले. आज वय अठ्ठ्याहत्तर. ते रोज कॉटवरून आमचा उद्योग बघत, बोलत काही नसत. एके दिवशी चष्मा मागून घेतला आणि फळीवर वाकले. म्हणाले, "स्लीपर लई जवळजवळ हायेत. हा आपल्याकडचा रूळ न्हवं." त्यांचे खरे होते. मग प्लॅस्टिकच्या स्लीपरांमधले जोड ब्लेडने कापून एकेक स्लीपर सरकवला. खडी चाळणीतून गाळलेल्या बारीक कचेची. ती ब्रशने सारखी करायची, फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाणी खडीत मुरते, वर थेंब होऊन राहत नाही. ही खडी अण्णांनी भरली. त्यांचा हात कापतो, पण एक खडा रुळाच्या वर राहिला नाही.

काम रंगात आले असताना आमचे एक ज्येष्ठ सहकारी घरी आले. फळी बघून म्हणाले, "वस्तीत नळाला पाणी नाही. मोर्चा काढायचा सोडून तुम्ही खेळणी करता?" आम्हाला उत्तर सुचले नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. फळी कपाटामागे गेली. पाण्याचा मोर्चा निघाला आणि आम्ही त्यात होतो. महिना गेला.

मग एका संध्याकाळी अण्णांनीच विचारले, "त्या टेसनाचं काय केलं?" फळी काढून दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाले, "खडी भरली, पण भरणारी माणसं कुठं हायेत?" खरेच, आम्ही मास्तर केला होता, हमाल केला होता, उतारू केले होते, पण ज्यांच्या हातांवर रूळ चालतो ती माणसे केली नव्हती. गँगमनच्या घरात ही चूक झाली होती. मुलाने दुसऱ्याच दिवशी दोन गँगमन केले, घण आणि फावडे दिले. झाडाखाली बसवले आणि शेजारी मातीचा माठ ठेवला.

अण्णा म्हणाले, "एक माठ न्हाई. दोन ठेव. दुसरा जरा लांब."

आम्ही त्यांच्याकडे पाहिले. ते फळीकडेच बघत होते. "नोकरीला लागलो तवा माझं मडकं येगळंच असायचं. मी घरनं न्यायचो. पुढं मिटलं ते. पन दोन-तीन उन्हाळं तसंच काढलं."

मुलाने विचारले, "आजोबा, किती लांब ठेवू?"

अण्णांनी थोडा विचार केला. "धा-बारा पावलं."

मुलाने पट्टी घेतली. बारा पावले म्हणजे साधारण नऊ मीटर. साठाने भागून पंधरा सेंटिमीटर. त्याने पेन्सिलीने खूण केली आणि दुसरे मडके तेथे चिकटवले. घरात कोणी बोलले नाही. आम्ही वीस वर्षे चळवळीत आहोत. मसूरची गोष्ट गावोगावी सांगितली. पण आपल्याच बापाला 'तुमचे मडके कुठे असे' हे आम्ही कधी विचारले नव्हते, आणि त्यांनीही आपणहून सांगितले नव्हते. नातवाने पट्टी हातात घेऊन अंतर विचारले, म्हणून ते निघाले.

त्यानंतर मुख्य प्रश्न सोपा झाला. फळीवर एकच क्षण दाखवता येतो. कोणता दाखवायचा? आमच्या मनात मास्तरने तोंड फिरवल्याचा क्षण होता. पण साडेसत्तावीस मिलिमीटरच्या माणसाच्या चेहऱ्यावर तिरस्कार दाखवता येत नाही. दाखवता येते ते अंतर. मुलीने ठरवले : चौघे फलाटावर सामानाजवळ उभे, नव्या कपड्यांत, वाट बघत. मास्तर खोलीच्या दारात. बैलगाड्या पलीकडे. मध्ये मोकळी जागा. बस.

आमची खोली दहा फुटांची. फळी सहा फूट आणि गाडी लपवायची जोडफळी अडीच फूट. त्यामुळे घरी गाडी नुसती फलाटावर यायची आणि मागे जायची. दोन्ही बाजूंना जोडफळ्या लावून ती पूर्ण चालली ती यंदाच्या १४ एप्रिलला, विहारात. वंदना झाल्यावर दिवे मंद केले, पिवळे बल्ब लावले. पडद्यामागून गाडी आली तशी वस्तीतल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. गाडी फलाटावर थांबली. मुलाने मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि बटण फिरवले. गाडी पुढे निघाली, दुसऱ्या पडद्याआड गेली.

आणि फलाटावर ती चौघे राहिली.

हे आम्ही ठरवलेले नव्हते. आतापर्यंत गाडी त्यांच्यामागे उभी असे. ती गेल्यावर मागे नुसती उघडी जमीन होती आणि चार लहान आकृत्या. टाळ्या थांबल्या. पुढे बसलेली एक पाच-सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "गाडी त्यांना टाकून का गेली?"

मुलगी समजावून सांगायला पुढे झाली, पण अण्णा आधी बोलले. "गाडीनं टाकलं न्हाई, बाळा. गाडीनं आनलं. हितनं पुढं माणसांनी न्यायचं होतं."

मागच्या रांगेत आमचे ते सहकारी उभे होते. त्यांचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही. ते दोन वेळा गाडी बघून निघून गेले. खेळण्याने नळाला पाणी येत नाही, हे आम्हालाही कळते. पण त्या रात्री जेवताना तीन घरांतली मुले आपापल्या आजोबांना जुन्या गोष्टी विचारत होती, असे दुसऱ्या दिवशी नळावर पत्नीच्या कानावर आले.

ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी महाग संचाची वाट पाहू नये. गाडी चालली नाही तरी चालेल, दोऱ्याने ओढली तरी चालेल. पट्टी, पुठ्ठा, फेविकॉल आणि घरातले एक म्हातारे माणूस एवढे पुरते. एकच प्रमाण धरावे आणि ते सोडू नये.

आता आजूबाजूच्या वस्त्यांतून बोलावणे येते. फळी टेम्पोतून जाते. धक्क्याने कधी तारायंत्राचा खांब पडतो, कधी बैलगाडीचे चाक निघते. मुलगा ते तिथल्या तिथे चिकटवतो. ती चार मुले मात्र फळीवर ठेवत नाहीत. अण्णा त्यांना काडेपेटीत कापूस घालून, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून नेतात आणि पोचल्यावर आपल्या हाताने फलाटावर उतरवतात.

जयभीम!