दादा, घराचा भाव गावाच्या हिशेबाने बांधू

प्रिय दादा,


घोडेगावचं घर विकायचं, यावर आपलं सगळ्या भावंडांचं एकमत झालं. गाडं अडलंय ते किमतीवर. फोनवर आवाज चढतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तू धरलेला आकडा पुण्याच्या दराचा आहे. इथे घर घेणार कोण? कांद्याचा व्यापारी, ऊसवाला बागायतदार, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचा दुकानदार, नाहीतर एखादे गुरुजी. यातल्या बहुतेकांचा खिसा कांद्याच्या लिलावावर आणि उसाच्या बिलावर चालतो. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती बंदी उठली थेट 4 मे 2024 ला. अशा हंगामात माणूस आधी सोसायटीचं देणं बघतो. घराचा विषय पुढे ढकलतो.

शुक्रवारचा जनावरांचा बाजार तू बाबांबरोबर पाहिला आहेस. म्हैस टेंपोतून उतरली की जाणकार गिऱ्हाईक सकाळीच दात बघतं, कास चाचपतं. अवाच्या सवा किंमत ऐकली की पुढच्या दावणीला जातं, परत फिरकत नाही. दुपार कलल्यावर उरलेल्या म्हशीत काहीतरी खोड असणार, असं जो तो धरून चालतो. मग मालक परतीचं भाडं वाचवायला पडेल त्या भावात दावं हातात देतो. घराचंही हेच होतं. खरं गिऱ्हाईक सुरुवातीलाच येऊन जातं. वर्ष उलटलं की कागदपत्रांत भानगड असल्याची कुजबुज सुरू होते आणि आपण उतरवलेल्या भावावरही लोक आणखी घासाघीस करतात.

मग भाव काढायचा कसा? रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे. तरी तो आधी बघायला हवा. त्याच्या खाली व्यवहार केला तरी शुल्क सरकारी मूल्यावरच लागतं. आणि फरक 10 टक्क्यांच्या पुढे गेला, तर आपला आयकरही त्याच मूल्यावर धरतात. त्यापुढे आळीत अलीकडे झालेल्या खरेदीखतांचे सूची क्रमांक 2 चे उतारे काढू. कोणी किती मागितले यापेक्षा किती मिळाले, ते महत्त्वाचं. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल, तर बँकही स्वतःच्या मूल्यांकनाबाहेर जात नाही.

बाबांनी करून घेतलेला सागवानी दरवाजा आणि माडीवरची फरशी तुला किमतीत धरायची आहे. दादा, हौसेला मोल नसतं. ती हौस आपण सगळ्यांनी त्या घरात राहून उपभोगली.

आता साधा हिशेब बघ. समजा घर आज 30 लाखांना गेलं आणि पैसे 7 टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला 2 लाख 10 हजार सुटतात. 33 लाखांसाठी दोन वर्षं थांबलो, तर 3 लाखांपायी 4 लाख 20 हजारांवर पाणी सोडलं. वर घरपट्टी, गळती आणि वाळवी आहेच.

तू ये, उतारे समोर ठेवू आणि बोलणीपुरती थोडी जागा राखून एकच आकडा ठरवू. त्या भावाचं गिऱ्हाईक दारात आलं, तर त्याला परत पाठवू नकोस. माझं एवढं ऐक.

तुझी,
धाकटी बहीण