परक्या गावची घरपट्टी

माणसाने आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले की म्हातारपणी घरची माणसे त्याच्यापुढे आपले हिशेब आणून ठेवतात. मी बत्तीस वर्षे विमा कचेरीत आकड्यांवर तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. त्यामुळे आम्ही उभयता चिरंजीवांकडे अमेरिकेत पोचलो आणि चार दिवस होतात न होतात तोच ते म्हणाले, "बाबा, आम्ही घर घ्यावं म्हणतोय. तुम्ही इथे आहातच, तर एकदा कागद बघा."

कागद पाहिले. साडेसहा लाख डॉलरचे घर. त्यातले वीस टक्के, म्हणजे एक लाख तीस हजार, आधी रोख भरायचे. रुपयांत ती रक्कम एक कोटीच्या वर जाते. चिरंजीवांच्या शिलकीत तिचा तिसरा हिस्सा होता. उरलेल्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. सूनबाई पोळ्या लाटत राहिल्या, आमची ही खिडकीबाहेर पाहू लागली. पण तेवढ्या किमतीची वस्तू आमच्या घराण्यात एकच आहे, कोथरूडचा तीन खोल्यांचा फ्लॅट, आणि हे त्या स्वयंपाकघरात नात सोडून सर्वांनाच ठाऊक होते.

गाव एडिसन, काउंटी मिडलसेक्स, राज्य न्यू जर्सी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. या एका काउंटीत पंचवीस गावे आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणे साडेआठ लाखांवर माणसे. एडिसनचे जुने नाव रॅरिटन टाउनशिप. १८७६ साली थॉमस एडिसनने इथल्याच मेन्लो पार्क भागात प्रयोगशाळा थाटली होती, म्हणून १९५४ मध्ये गावाने त्याचे नाव घेतले. आज या गावातली निम्मी वस्ती आशियाई वंशाची आहे आणि त्यात आपली मंडळी मुबलक. ओक ट्री रोडवर गेलात तर भाजणीच्या पिठापासून पैठणीपर्यंत सगळे मिळते, आणि दुकानदार डॉलर मोजून घेताना "चालेल" म्हणतो! शाळांना दिवाळीची सुट्टी असते. न्यूयॉर्कला जायला आगगाडी आहे. पेट्रोल मात्र स्वतः भरायची मुभा नाही. १९४९ च्या कायद्याने ते काम पंपावरच्या नोकरानेच करायचे. इतर राज्यांनी एकेक करून ही पद्धत सोडली, हे राज्य अजून तिला धरून आहे. भर थंडीत गाडीत बसल्याबसल्या पेट्रोल मिळते, तेव्हा हा कायदा करणाऱ्याला मी मनोमन दुवा देत असे.

राहायला गाव चांगले, यात शंका नाही. वाचनालय फुकट, उद्याने ऐसपैस. गाडी नसेल तर मात्र माणूस घरात कोंडला जातो. कित्येक रस्त्यांना पदपथच नाहीत, आणि आमच्या हिला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची सवय! तिने दुसऱ्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, "इथे सगळं आहे हो, फक्त कोपरा नाही."

असो. मुद्दा घराचा. घर १९५८ सालचे, लाकडी सांगाड्याचे, खाली एक खोली, अर्ध्या जिन्यावर बैठक, आणखी अर्ध्या जिन्यावर तीन झोपायच्या खोल्या. महायुद्धानंतर हा सारा भाग अशाच घरांनी भरला. गावात १९४८ पासून २००४ पर्यंत फोर्डचा मोटारींचा कारखाना होता. त्या काळात कामगाराच्या पगारात असे घर येई. आज दोघे पदवीधर संगणकावर डोळे फोडतात, तरी आईबापांचा फ्लॅट आठवावा लागतो.

मी तांबडी पेन्सिल घेतली. कर्ज पाच लाख वीस हजार, तीस वर्षांचे, व्याज साडेसहा टक्के. हप्ता सुमारे ३,२८७ डॉलर. त्यातले पहिल्या महिन्यात मुद्दलाला जाणारे किती? ४७०! उरलेले २,८१७ बँकेच्या पोटात. हेच कर्ज तीन टक्क्यांनी असते तर हप्ता २,१९२ झाला असता. आणि ही कल्पना नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये तिथला सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ वर चढला. ज्यांनी त्या स्वस्ताईत घर घेतले ते आता जागचे हलत नाहीत. हलले तर नवे कर्ज महाग पडते. त्यामुळे विकाऊ घरे थोडी, घेणारे फार, आणि भाव खाली यायला तयार नाहीत.

इथपर्यंत माझी पेन्सिल शांत होती. मग आला एक आकडा: वार्षिक मालमत्ताकर ११,४०० डॉलर. मला वाटले, शून्य चुकून जास्त पडले. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्के सवलत मिळून मी जी घरपट्टी भरतो, ती वर्षाला काही हजार रुपये, आणि तीही मी कुरकुरत भरतो. इथे महिन्याला साडेनऊशे डॉलर! चिरंजीव हसले. "बाबा, संपूर्ण राज्याची सरासरीच २०२४ मध्ये दहा हजारांवर गेली. देशात सर्वांत जास्त."

का, ते शोधण्यात माझे दोन आठवडे गेले, आणि खरे सांगायचे तर त्या मुक्कामातले ते सर्वांत सुखाचे दोन आठवडे. या चिमुकल्या राज्यात ५६४ गावे आहेत आणि प्रत्येकाला आपला महापौर, आपले पोलीस, बहुतेकांना आपली शाळासमिती हवी. एकाच भाऊबंदकीत दहा चुली पेटाव्यात तसा प्रकार. कराचे बिल तीन वाट्यांचे असते: गाव, काउंटी आणि शाळा. त्यांत निम्म्याहून मोठा वाटा शाळेचा.

मजेची गोष्ट पुढे आहे. शाळा घरपट्टीवर चालवल्या तर श्रीमंत गावची शाळा श्रीमंत आणि गरीब गावची गरीब राहते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची सोय करीना, तेव्हा १ जुलै १९७६ रोजी न्यायालयाने शाळांचा खर्चच थांबवला. मग घाईघाईने राज्यात प्रथमच प्राप्तिकर आला. कशासाठी? घरपट्टी हलकी करण्यासाठी! आज तो प्राप्तिकरही आहे, वरच्या पायरीवर १०.७५ टक्क्यांपर्यंत, आणि घरपट्टी देशात अव्वल. सूनबाईंच्या एका मैत्रिणीने याच त्राग्याने टेक्सासची वाट धरली. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. पण तिथलीही घरपट्टी काही हलकी नाही, असे तिने पहिले बिल आल्यावर कळवले. सरकारला पैसा लागतोच, तो कोणत्या खिशातून काढायचा एवढाच फरक.

तर हा कर भिंतींचा नसून शाळेचा आहे, ही खूणगाठ मी बांधली. ती बांधल्यावर इतर गोष्टी आपोआप उलगडू लागल्या. कर घरामागे मिळतो आणि खर्च मुलामागे होतो. म्हणून गावांना मोठ्या जागेवरची मोठी घरे आवडतात, पंचावन्न वर्षांवरच्या लोकांच्या वसाहती आवडतात, आणि लहान, स्वस्त, मुलाबाळांनी भरलेल्या चाळी आवडत नाहीत. याच राज्यातल्या माउंट लॉरेल गावाविरुद्ध असा खटला झाला आणि १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, बेताच्या मिळकतीच्या माणसांसाठी घरे होऊ देण्याचे कर्तव्य प्रत्येक वाढत्या गावावर आहे. पन्नास वर्षे झाली, तरी भांडण चालूच आहे. २०२४ मध्ये त्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला. मी तिथे असताना शेजारच्या एका गावात अशा घरांची योजना निघाली होती. विरोध करणाऱ्यांत आपलीच काही मंडळी पुढे होती. "शाळेत गर्दी होईल हो!" मला एका गृहस्थांनी सांगितले. ते स्वतः वीस वर्षांपूर्वी दोन पेट्या घेऊन एका खोलीत चौघांबरोबर उतरले होते, हेही त्यांनीच पाच मिनिटे आधी सांगितले होते. रेल्वेच्या डब्यात चढेपर्यंत "जरा सरका" आणि चढल्यावर "पुढे जागा नाही" हा आपला बाणा सातासमुद्रापार शाबूत आहे, हे पाहून मला अभिमान वाटला नाही.

या भागात पूर्वी काउंटीच्या कारभाऱ्यांना 'फ्रीहोल्डर' म्हणत, म्हणजे बोजाविरहित जमिनीचा धनी. ज्याची जमीन त्याचा कारभार, हा वसाहतकाळापासूनचा अर्थ. १ जानेवारी २०२१ पासून ते नाव कायद्याने पुसले गेले आणि 'कमिशनर' आले. नाव गेले हे बरे झाले. पण मला दुसरीच शंका आली. बोजाविरहित धनी आहे तरी कोण?

आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. शाळेत शिक्षिका होत्या. कर्ज केव्हाच फिटले, मुले दुसऱ्या राज्यांत. वर्षातून चारदा, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला, त्यांची घरपट्टी देय. म्हाताऱ्यांसाठी राज्याची एक योजना आहे, तीत ठराविक वर्षानंतरची करवाढ परत मिळते. पण आधी पूर्ण भरा, मग परत घ्या. आणि कर थकला तर गाव ती थकबाकी लिलावात विकते, तिच्यावर अठरा टक्क्यांपर्यंत व्याज चढू शकते. "घर माझंच आहे," बाई मला म्हणाल्या, "फक्त भाडं गावाला देते." त्या डेलावेअरला जायच्या विचारात होत्या. तिथे घरपट्टी हलकी आणि विक्रीकर नाही. चाळीस वर्षे ज्या शाळेत शिकवले, तिचा खर्च आता त्यांना पेलत नव्हता.

आता आमचे चिरंजीव. ते भाड्याने राहतात, २,४०० डॉलर महिना, आणि नात जाते ती याच गावच्या शाळेत. भाडेकरूच्या मुलीला शाळा वर्गाबाहेर बसवत नाही! मालकाची घरपट्टी भाड्यात मिसळलेली असतेच. राज्याचा प्राप्तिकरसुद्धा भाड्यातले अठरा टक्के घरपट्टी धरूनच हिशेब करतो. म्हणजे ज्या वस्तूसाठी घर घ्यायचे, ती यांच्या पदरात आधीच आहे. घर घेतले तर हप्ता, कर आणि विमा मिळून महिना ४,४००. वरचे दोन हजार कशाचे? थोडे मुद्दलाचे, बरेचसे व्याजाचे आणि उरलेले "आमचं घर" या दोन शब्दांचे. त्या शब्दांना किंमत नाही असे मी म्हणणार नाही. कोथरूडच्या फ्लॅटची किल्ली हातात आली त्या रात्री आम्ही फरशीवर चटई टाकून झोपलो होतो.

परंतु एक आकडा चिरंजीवांच्या कागदांत नव्हता, तो मी लिहिला: साठ. त्यांचा मुक्काम नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बिऱ्हाड आवरा. कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा तर नोकरीवाल्यांच्या वाट्यात एका देशाला वर्षाकाठी सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची. तीस वर्षांचे कर्ज आणि साठ दिवसांचा धागा! आणि आम्हा दोघांचे काय? "तुम्ही आमच्याकडेच या ना," चिरंजीव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण आईबापांना कायमचे बोलावण्याचा हक्क तिथल्या नागरिकालाच आहे. चिरंजीव नागरिक नाहीत. आम्ही पाहुणे, एका खेपेला फार तर सहा महिन्यांचे. उरलेले सहा महिने फ्लॅट विकलेल्या माणसांनी कोणाच्या ओसरीवर काढायचे?

हे सारे मी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवले. चिरंजीवांनी दोनदा वाचले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "बाबा, फ्लॅटचं मी विचारलंच नव्हतं." मी म्हटले, "म्हणून तर मी उत्तर लिहून दिलं." सूनबाई त्या रात्री लवकर झोपायला गेल्या. त्यांचा राग मला समजतो. आठ वर्षांत चार भाड्याची घरे बदललेल्या बाईला हिशेब दाखवणे सोपे, पटवणे कठीण. "तुमचं गणित बरोबर आहे, बाबा," त्या दोन दिवसांनी म्हणाल्या, "पण गणितात पडदे नसतात."

भाडेकरार दोन वर्षांनी वाढवला आहे. मालकाने पंचाहत्तर डॉलर चढवले. करारात गच्चीवर उघडी ज्योत लावायला बंदी आहे, म्हणून पणत्या विजेच्या. आकाशकंदिलासाठी भिंतीला खिळा मारायचा नाही, तो कठड्याला दोरीने बांधतात. सूनबाई अजून रविवारी घरे बघायला जातात, नुसती बघायला.

ते १९५८ सालचे घर बारा दिवसांत गेले. मागितल्या किमतीवर तीस हजार डॉलर चढवून कोणी घेतले. मी फोनवर चिरंजीवांना विचारले, घेणारे कोण? म्हणाले, आपल्यासारखेच एक कुटुंब, दोन मुले, दोन्ही शाळेत. आणि समोरच्या बाईंच्याही अंगणात आता विक्रीची पाटी लागली आहे.