दारं धरणं

संध्याकाळी आईच्या पायांवर मोज्याच्या रबराची खूण उमटायची. घोट्याजवळ बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. सकाळी पाय पुन्हा नेहमीसारखे. हे मिठामुळे, असं मी ठरवून टाकलं. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, पापड बंद झाले, आमटी अळणी झाली. आई तीन महिने निमूट जेवली. बीपी मात्र उत्तम होतं, १२८/७६. तो आकडा मी आल्यागेल्याला अभिमानानं सांगत असे.

तपासण्या झाल्या. हृदय ठीक, मूत्रपिंडं ठीक. मग डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं पाहिली, अ‍ॅम्लोडिपिनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सूज हिच्यामुळे." मला पटेना. दाब उतरवणारी गोळी पायात पाणी कसं साठवेल?

घरी येऊन वाचत बसलो. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो मोठ्या धमनीतला दाब. केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची. तिला हा दाब सोसणार नाही. म्हणून तिच्या अलीकडे धमनिका असतात: अगदी बारीक नळ्या, भोवती स्नायूंचं कडं. कडं आवळलं की पुढे दाब कमी पोचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट होतो, त्यामुळे जराशी हालचालही पुरते. आतला दाब वाढला की अशी नळी आपणहून आवळते, मज्जातंतूंच्या हुकमाची वाट पाहत नाही, हे बेलिस या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये मांडलं. १९३० मध्ये लँडिसनं माणसाच्या नखालगतच्या केशवाहिनीत अतिसूक्ष्म काचनळी घालून दाब मोजला: धमनीकडच्या बाजूला सरासरी ३२, शिरेकडच्या बाजूला १२. दंडावरच्या सव्वाशेतलं तिथे एवढंच उरतं.

आपण उभे राहिलो की पायांवर वरच्या रक्ताचा भार येतो, आणि पायातल्या धमनिका आणखी आवळून केशवाहिन्यांना सांभाळतात. आईची गोळी नेमक्या याच स्नायूंना सैल करते. त्यानं मोठ्या धमनीतला दाब उतरतो. पण पलीकडच्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिनीत दाब चढतो आणि पाणी भिंतीतून पाझरतं.

हे सगळं आईला जमेल तसं सांगितलं. ती शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी विहिरीच्या पाण्यावर वडिलांबरोबर दारं धरलेली. ऐकून म्हणाली, "म्हणजे दारं धरायला कुणी राहिलं नाही. पाटाला पाणी जोरात असलं की वाफ्याचं दारं बारीक ठेवावं लागतं. मोकळं सोडलंस तर पाट उतरतो, पण मेथी वाहून जाते."

मी इतके दिवस पाटच मोजत होतो.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली आणि जोडीला दुसरी दिली, शिरांकडची वाटही थोडी मोकळी करणारी. काही आठवड्यांत सूज ओसरली. मी बरणी खाली काढली. बीपी आहे म्हणून मीठ जपूनच, पण जेवताना लिंबाच्या लोणच्याची एक फोड. ती फोड पानाच्या कडेला ठेवून आई म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काही चुकतंय. लपून खाल्लं तर नसेल ना, असं तुला वाटत असेल, याची लाज वाटायची."

तसं मला एकदा खरंच वाटलं होतं. तिला ते कळलं असणार.

आता संध्याकाळी बीपीचं यंत्र काढण्याआधी मी तिच्या पायाशी बसतो आणि घोट्यावर बोट दाबून पाहतो. पट्टा नंतर.