दिलेलं प्यादं

माझ्याकडं बुद्धिबळ शिकायला येणारी मुलं काळी मोहरी घेऊन बसली की हटकून सिसिलियन बचाव खेळतात. नायडॉर्फ, ड्रॅगन, स्वेश्निकोव्ह, एकेका शाखेच्या वीस-वीस चाली त्यांना तोंडपाठ. मी मात्र सिसिलियनला आयुष्यभर एकच उत्तर देत आलो: स्मिथ-मोरा गॅम्बिट. दुसऱ्या चालीला डी प्यादं पुढं, तिसरीला सी, आणि काळ्यानं तेही खाल्लं की घोड्यानं मारायचं. एक प्यादं गेलं. बदल्यात सी आणि डी हे दोन स्तंभ मोकळे, मोहरी आधी बाहेर.

फ्रान्सचे पिएर मोरा आणि टेक्ससचे केन स्मिथ यांच्या नावाचा हा डाव. १९७२ साली सॅन अँटोनिओत स्मिथ तो घेऊन नामवंत ग्रँडमास्टरांसमोर बसले आणि हरले. त्यावरून अनेकांनी या गॅम्बिटलाच नाकं मुरडली. मला ते पटलं नाही. २०११ च्या यूएस ओपनमध्ये मार्क एसरमननं ग्रँडमास्टर लोएक व्हॅन वेलीविरुद्ध डी ५ वर घोडा सरळ प्याद्याच्या तोंडी दिला आणि जिंकला. तो डाव आजही पटावर मांडला की अंगावर काटा येतो.

पण असा घोडा देता येतो तो त्याआधीच्या शांत चालींमुळं. उंट सी ४, किल्लेकोट, वजीर ई २, हत्ती डी १. या चाली मी फार वर्षं यांत्रिकपणे खेळलो. एका स्पर्धेत काळ्याचा वजीर सी ७ वर होता, त्याचा घोडा जी ४ वर आला. घोड्याला हुसकावायचं म्हणून मी सवयीनं एच ३ केलं. त्याचा दुसरा घोडा डी ४ वर उतरला. माझ्या वजिरावर हल्ला, आणि तो घोडा मारावा तर एच २ वर मात! हाच तो सायबेरियन सापळा. त्या रात्री मला झोप लागली नाही. आधीच एक प्यादं कमी असताना एकही चाल न बघता खेळायची सोय नसते, हे तेव्हा हाडात शिरलं.

परवा एका मुलानं विचारलं, ‘‘सर, प्यादं परत कधी मिळणार?’’

मी पांढरे हत्ती डी १ आणि सी १ वर ठेवले. ‘‘आता काळ्याचा वजीर कुठं ठेवशील, सांग.’’

डी ८ वर एका हत्तीची नजर, सी ७ वर दुसऱ्याची. तो बराच वेळ पटाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘बी ८?’’