मालक गेले. बिपिन त्याच्या आधीच गेला होता.

मंडळी, डिसेंबरच्या शेवटी बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, आपल्या मुंबई सिटी एफसीमधला हिस्सा सोडला. कारण दिलं लीगच्या अनिश्चित भवितव्याचं. त्या दिवशी मला सात-आठ जणांचे मेसेज आले, सांत्वनाचेच म्हणा ना. ऑफिसातला एकजण तर म्हणाला, "मग आता तुमची टीम बंद का रे?"

बंद नाही. क्लब मूळ मालकांच्या हातात परत आलाय. रणबीर कपूर आणि बिमल पारेख २०१४ पासून होतेच, परदेशी मंडळी २०१९ मध्ये आली आणि आता गेली. लीगही १४ फेब्रुवारीला सुरू होणार असं क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलंय. चौदाही संघ खेळणार. एकमेकांशी एकदाच भिडायचं, म्हणजे एकूण ९१ सामने. गेल्या जुलैपासून लीग थांबलेली होती. खेळाडू घरी बसून होते, आणि छेत्री, गुरप्रीत, झिंगन या तिघांना कॅमेऱ्यासमोर येऊन फिफाला हात जोडावे लागले. त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

पण खरं सांगू? मालक गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं होतं ते गेल्या उन्हाळ्यात, बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला तेव्हा. त्या दिवशी कोणाचा मेसेज आला नाही.

बिपिन कोण, ते आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे लोक रात्री दीड वाजता लिव्हरपूल बघतात आणि अंधेरीला एकदाही आलेले नाहीत. मणिपूरचा पोरगा. डाव्या विंगेवर खेळणारा. २०१८ मध्ये आपल्याकडे आला आणि सात मोसम राहिला. २०२१ ची फायनल, फातोर्डा, समोर एटीके मोहन बागान, १-१ बरोबरी, घड्याळात ९० मिनिटं. विजयी गोल बिपिनचा. मुंबईला पहिल्यांदा चषक मिळाला तो त्या गोलाने. कोविडचा काळ, स्टेडियम रिकामं, आम्ही सगळे घरी टीव्हीसमोर. शेजाऱ्यांना वाटलं घरात भांडण झालं. मग २०२४ ची फायनल. या वेळी कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, त्यांच्याच घरात. पहिला गोल त्यांचा. पेरेरा डियाझने बरोबरी केली आणि ८१व्या मिनिटाला आघाडी दिली कोणी? बिपिननेच. ३-१ ने जिंकलो. दोन चषक, दोन्ही फायनलमध्ये याचा गोल.

बरं, हा काही रोज चमकणारा खेळाडू नव्हता. हे मी त्याचा चाहता असूनही म्हणतोय. कित्येक सामने असे गेले की तो मैदानात आहे हे शोधावं लागायचं. क्रॉस थेट गोलकीपरच्या हातात. आमच्या मागच्या रांगेतले एक काका तर दर सामन्याला त्याच्या नावाने खडे फोडायचे. पण मोठ्या दिवशी तो सापडायचा. अशी माणसं संघात असावी लागतात, आणि त्यांना ठेवून घेणं हे क्लबचं काम असतं. दुसऱ्या कुठल्या शहरात अशा खेळाडूच्या निरोपाला लोक हार घेऊन गेले असते. आपल्याकडे बातमी इतकी खाली होती की स्क्रोल करताना राहून जावी.

आणि तो एकटाच नाही. २०२२-२३ चा संघ आठवा. डेस बकिंगहॅम कोच होते. २० सामने, १४ विजय, ४६ गुण, ५४ गोल. पहिले १८ सामने हरलोच नाही, आणि शील्ड नक्की झाल्यावर शेवटचे दोन हरलो, तेही कोणी मनावर घेतलं नाही. (सेमीफायनलला बंगळुरूकडून पेनल्टीवर हरलो, ते मात्र अजून मनात आहे.) त्या संघाचा खेळ बघायला पैसे द्यावेत असा होता. मधोमध जाहू उभा असायचा, पळायचा नाही फारसा, पण तीस-चाळीस मीटरचा पास असा टाकायचा की समोरच्याच्या पायावरच. शेजारी मिझोरमचा आपुइया, तो जाहूच्या वाटचंही पळायचा. पुढे ग्रेग स्टुअर्ट, नोगेरा, पेरेरा डियाझ. एका विंगेवर बिपिन, दुसऱ्यावर छांगटे.

यातले किती राहिले? जाहू आणि फॉल २०२३ मध्ये ओडिशाला गेले. स्टुअर्ट मोसम अर्धवट टाकून गेला आणि पुढच्या वर्षी मोहन बागानच्या जर्सीत दिसला. आपुइया २०२४ मध्ये मोहन बागान. मेहताब सिंग गेल्या वर्षी मोहन बागान. नोगेरा, डियाझ आणि राहुल भेके बंगळुरूला. परदेशी खेळाडू जातात हे समजू शकतो, त्यांचं वयही झालेलं असतं. पण आपुइया? देशातला सगळ्यात चांगला मिडफिल्डर तेव्हा विशीत होता आणि तो गेल्यापासून आपल्या मधल्या फळीला वालीच राहिला नाही. बॉल मागे, बाजूला, परत मागे. पासची संख्या बघावी तर छाती फुगते आणि गोल बघावेत तर मान खाली जाते. २०२४-२५ मध्ये ग्रीसचा निकोस कारेलिस सोडला तर भरवशाने गोल करणारा कोणी नव्हता. सहावे आलो, रडतखडत प्लेऑफला पोचलो आणि २९ मार्चला बंगळुरूने पाच गोल घातले. ५-० हो. त्यातला एक पेरेरा डियाझचा. ज्याने दहा-अकरा महिन्यांपूर्वी आपल्यासाठी फायनलमध्ये गोल केला होता, त्याचाच.

भेकेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो आपला आहे. मुंबईचा मराठी पोरगा. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब, बागान नाही, ईस्ट बंगाल नाही, मुंबई. विजयी गोल भेकेच्या हेडरवर. २०२४ चा चषक उचलताना कॅप्टन तोच होता. एका मुंबईकराने मुंबईच्या संघाचा कॅप्टन म्हणून कोलकात्यात जाऊन चषक उचलला आणि त्याच उन्हाळ्यात तो गेला. हेच क्रिकेटमध्ये झालं असतं तर वर्तमानपत्रांचे रकाने भरले असते. इथे कितीजणांना त्याचं नाव माहीत आहे? गल्लीत विचारून बघा.

आता जे आहेत त्यांच्याबद्दल. छांगटे अजून आहे आणि तो आहे तोवर मी आशा सोडत नाही. मिझोरमच्या लुंगलेईचा. सलग दोन वर्षं फेडरेशनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २४ एप्रिल २०२४ ची सेमीफायनल ज्यांनी पाहिली त्यांना काही सांगायला नको. गोव्यात गोव्याविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ मागे. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता. ९० व्या मिनिटाला छांगटे, लगेच विक्रम प्रताप, आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगटे. ३-२. मित्राच्या हातात रिमोट तसाच. त्या सामन्यात गोव्याचा दुसरा गोल ज्या ब्रँडन फर्नांडिसने केला, तो पुढच्याच मोसमात आपल्याकडे आला. तर हे असं असतं!

छांगटेबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती त्याच्याबद्दल नाहीच. त्याला बॉल कुठे द्यायचा हे आपण विसरलोय. त्याला मोकळ्या जागेत, पळताना बॉल हवा. दोन बॅक अंगावर असताना उभ्या उभ्या पायात बॉल देऊन "काढ आता वाट" म्हणायचं, हे त्याच्यावर अन्याय करणं आहे. आपुइया आणि जाहू ते बरोबर करायचे. ब्रँडन करू शकतो, पण त्याचे गुडघे आणि नशीब दोन्ही सांभाळून घ्यावं लागतं. विक्रम प्रतापला सलग खेळवा एवढंच म्हणेन. वीस मिनिटांसाठी आत पाठवून कोणी स्ट्रायकर होत नाही. आणि गोलमध्ये सिक्कीमचा फुरबा लाचेन्पा. शांत माणूस. २०२३-२४ चा गोल्डन ग्लोव्ह त्याचा. मागच्या मोसमात डिफेन्सने त्याला जितकं उघडं पाडलं तितकं कोणत्याच गोलकीपरला पाडू नये.

मणिपूर, मिझोरम, सिक्कीम, पंजाब. नावं वाचताना तुमच्याही लक्षात आलं असेल. या शहराच्या नावाने जे काही जिंकलं ते बहुतेक लांबून आलेल्या पोरांनी जिंकून दिलं. त्यांच्याबद्दल कृतज्ञताच आहे, "बाहेरचे" वगैरे बोलणाऱ्यांनी ही पोस्ट इथेच सोडावी. माझा प्रश्न आपल्या शहराला आहे. भेकेनंतर कोण? एवढ्या मोठ्या शहरातून मुंबई सिटीच्या पहिल्या अकरात रोज दिसणारा पोरगा का निघत नाही? कोल्हापुरात पेठांचे संघ भिडले की शाहू स्टेडियम भरतं, आणि आपल्याकडे कूपरेजला सामना आहे हे चर्चगेटला उतरणाऱ्यालाही माहीत नसतं. याच कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ पासूनची स्पर्धा, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, ती आपण पंचवीसेक वर्षांपूर्वी संपवली.

क्लब मरू देण्यात तर आपला हात कोणी धरणार नाही. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकले, २०१० मध्ये बंद. मुंबई एफसी २००७ ला आले, दहा वर्षांत संपले. त्या मुंबई एफसीला सात वर्षं कमी पैशात आयलीगमध्ये तगवून ठेवणारे खालिद जमील आज भारताचे कोच आहेत. मुंबई सोडल्यावर पहिल्याच मोसमात त्यांनी ऐझॉलला चॅम्पियन केलं. म्हणून मालक गेल्याची बातमी वाचताना माझ्या डोक्यात मँचेस्टर नव्हतं, महिंद्रा होतं.

आणि मैदान. अंधेरीचं आपलं स्टेडियम महापालिकेच्या क्रीडा संकुलात. सात-आठ हजार माणसं मावतात. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, गेली कित्येक वर्षं माझा हा रस्ता. मला ते स्टेडियम आवडतं. प्रेक्षक मैदानाच्या इतके जवळ की लाइनमनला आपली शिवी मराठीत ऐकू जाते. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं नव्वद मिनिटं ढोल थांबवत नाहीत. पण २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगला अल हिलाल आले तेव्हा सामना कुठे झाला? नवी मुंबईत, डी. वाय. पाटीलला. नेमार दुखापतीमुळे आला नाही, तरी मित्रोविच, कूलिबाली, नेवेस समोर होते. रियाधमध्ये ०-६ खाल्ले होते, डी. वाय. पाटीलला ०-२ वर राखलं. मुंबईच्या संघाचा "होम" सामना बघायला आम्ही मुंबईकर खाडी ओलांडून गेलो आणि रात्री अडीचला परतलो. देशाची आर्थिक राजधानी म्हणवणाऱ्या शहराला आशियाई स्पर्धेचा सामना घरी खेळवता आला नाही.

१५ तारखेला महापालिकेचं मतदान आहे. माझ्या दारावर आतापर्यंत तीन पक्षांचे उमेदवार येऊन गेले. तिघांनाही एकच विचारलं, आपल्या वॉर्डात पोरांना बॉल मारायला जागा कुठे आहे? एकाने उद्यानाचं सुशोभीकरण सांगितलं. दुसरे म्हणाले, टर्फ आहे ना! तासाला हजार-बाराशे मोजून खेळायचं टर्फ, ते पण छोटं. दहा पोरांनी वर्गणी काढायची तेव्हा एक तास मिळणार. तिसऱ्यांनी माझा नंबर घेतला. फोन आला की कळवतो. आमच्या इथलं जे एक मोकळं मैदान होतं त्यावर नोव्हेंबर ते मे लग्नाचे मांडव असतात, जून ते सप्टेंबर चिखल. उरला ऑक्टोबर, त्यात दांडिया.

तर आता क्लबकडून काय हवंय? नवे-जुने जे कोणी मालक आहात, पैसे कमी असतील हे मान्य. पुढचा फोर्लान, पुढचा अनेल्का आणू नका. ते आणून झाले, फोटो काढून झाले, २०१४ ला आणि २०१६ ला. छांगटेला जाऊ देऊ नका. फुरबाला जाऊ देऊ नका. मध्ये एक तरुण भारतीय मिडफिल्डर शोधा आणि त्याला तीन वर्षं हलवू नका. अकादमीतल्या पोरांना या छोट्या मोसमात खेळवा. तेरा सामन्यांच्या लीगमध्ये हरून हरून किती हरणार. आणि तिकिटाच्या बाबतीत महापालिकेच्या शाळांतल्या पोरांसाठी एक कोपरा मोकळा ठेवा. प्रत्येक सामन्याला रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्या असतातच.

आणि आपल्याकडून? वेळापत्रक आलं की इथेच टाकतो. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली, सामन्याच्या दीड तास आधी भेटायचं. ज्यांना जर्सी नाही त्यांनी निळं काहीही चालेल. ईस्ट बंगालचा सामना अंधेरीत पडला तर त्या दिवशी मात्र आधी सांगून ठेवतो, मी बिपिनसाठी उभा राहून टाळ्या वाजवणार आहे. त्याने आपल्यावर गोल केला तरी. मागच्या रांगेतल्या काकांनी काय बोलायचं ते बोलावं.