ठकलो

सोयाबीनचं तास उकरून बाबांनी एक दाणा तळहातावर घेतला. फुगलेला, कुजका. बोटानं दाबला तर पांढरं पाणी सुटलं. पेरून नऊ दिवस झाले होते आणि वावर काळंच होतं. ते बांधावर बसले. “ठकलो बा,” एवढंच म्हणाले.

पुढे त्यावर कथा लिहिताना मी त्यांच्या तोंडी ‘मला ठकवलं’ घातलं. वाचून पाहिलं तर ते बाबा राहिलेच नव्हते.

तेव्हापासून हा शब्द मला सोडत नाही. ठक म्हणजे फसवणारा. संस्कृतातल्या ‘स्थग्’ धातूशी त्याचं नातं लावतात. झाकणं, लपवणं हा त्याचा अर्थ. कोर्टाची ‘स्थगिती’ त्याच घरची. हिंदीत त्याचा ठग झाला, तिथून तो इंग्रजीत गेला. ‘ठकास महाठक’ म्हणताना आपल्या आवाजात कौतुकही येतं. पण क्रियापद पाहा. ठकणं हे ठकाचं काम नव्हेच. ठकतो तो फसलेला. ठकाला वाक्यात आणायचं तर ‘ठकवणं’ असं प्रयोजक रूप करावं लागतं. फसणं-फसवणं, भुलणं-भुलवणं, तीच तऱ्हा. ‘ठकलो’ म्हणणारा स्वतःच कर्ता होतो आणि बियाणं विकणारा वाक्याबाहेर खुशाल उभा राहतो.

अशा बाहेर उभ्या असलेल्याला वाक्यात ओढून आणणारी बाई आमच्या बुलढाण्याची, ताराबाई शिंदे. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात तिचं काळं पाणी झालं. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर झोड उठली. तिच्या त्या मुलाचा बाप मात्र कुणाच्या तोंडी नव्हता. ताराबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून थेट पुरुषांनाच जाब विचारला. स्त्रिया आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण, हा प्रश्न त्यांनी मुखपृष्ठावरच टाकला. आज साहसी म्हटलं की शाबासकी वाटते. तिथं तो आरोप आहे: बेछूट, पापाला न कचरणारा. हा जुना अर्थ विसरून ते पुस्तक वाचणं मला अन्यायाचं वाटतं. त्या एका शब्दावर सगळा खटला उभा आहे.

कथेत बाबांचं ‘ठकलो’ मी परत बसवलं. ते त्यांचंच होतं. पण आता चुलीपुढून आई विचारते, “कोनं ठकवलं?” बाबा बोलत नाहीत. बंडीच्या खिशातून दुकानाची पावती काढून तिच्यापुढे धरतात, आणि ती कागद घेऊन दिव्याजवळ जाते.