निर्जन बेट कुणाचं?

बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी-कुडाळमार्गे मालवणला जायचं हे आपल्या अनेक घरांचं ठरलेलं. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी किनारा आणि रविवारी परत. यंदा जानेवारीत आम्ही तिघं गेलो, तेव्हा दहा वर्षांच्या लेकीची एकच अट होती : मोटारबोट नको, स्वतः वल्हं मारायचं.

तारकर्ली-देवबागची जमीन म्हणजे एक लांबट, अरुंद पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी. सह्याद्रीतून आलेली ही नदी समुद्राजवळ पोचूनही लगेच त्याला मिळत नाही. बरंच अंतर त्याच्या सोबतीनं चालते आणि मग देवबागच्या टोकाशी मिळते. नदीनं आणलेली वाळू आणि लाटांनी आत ढकललेली वाळू, दोन्ही तिथे पाण्याचा वेग मंदावला की खाली बसतात. ओहोटीला हे वाळूचे पट्टे उघडे पडतात, भरतीला पाण्याखाली जातात आणि पावसाळ्यानंतर त्यांचा आकार बदललेला असतो. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध ‘त्सुनामी आयलंड’. तिथे सुट्टीच्या दिवशी जत्रा असते. आम्ही गेलो तो पट्टा लहान, बिननावाचा. तो नेमका कुठे आहे ते लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

कयाक चालवायला शिकवणारा मुलगा गावातलाच. आदल्या संध्याकाळी त्यानं वेळ ठरवून दिली. आमच्या आजोबांचा जुना हिशेब मला आठवत होता : तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ येते. दुसऱ्या दिवशी संकष्टी. म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. तो हसला. त्याच्या मोबाईलवरच्या तक्त्यात वेळ थोडी आधीची होती. म्हणाला, “अंदाज तिथीवर करा, निघायचं मात्र तक्त्यावर.” त्याचं गणित साधं होतं. जाताना ओसरतं पाणी पुढे नेतं आणि येताना चढतं पाणी परत आणतं. उलट केलं, तर दमलेल्या हातांनी प्रवाहाविरुद्ध वल्हवावं लागतं, आणि ओहोटीचा ओढा तर थेट समुद्राकडे.

सकाळी सातला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून आम्ही निघालो. माझ्या कयाकमध्ये पुढे लेक, दुसऱ्यात बायको आणि तो मुलगा. इंजिन नसलं की खाडी बोलायला लागते. कांदळवनाच्या मुळांत पाण्याची चुळबुळ, कुठेतरी माशाची उडी, लांबून देवळाची घंटा. जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीला गार लागत होता. पहिली दहा मिनिटं आमची दोघांची वल्ही एकमेकांवर आपटत होती. मग लेकच “एक, दोन” म्हणायला लागली आणि कयाक सरळ चालली.

पाऊण तासानं पट्टा दिसला. एका टोकाला पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती. कुरव. त्यांच्या पायाशी चिखल्यांची धावपळ. मी सवयीनं मोबाईल काढला आणि तिकडेच वल्हं मारलं. मागून आवाज आला, “दादा, तिकडे नको. पक्षी बसलेत त्या टोकाला आपण लागत नाही.” यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठून हिवाळ्यात इथे येतात. पाणी उतरलेलं असतं तेवढाच वेळ त्यांना इथे टेकायला आणि चरायला मिळतो. आपल्या एका फोटोसाठी सगळा थवा उडतो. दिवसभरात अशा दहा होड्या आल्या, की त्यांचा दिवस उडण्यातच जातो. मोबाईल आत गेला.

दुसऱ्या टोकाला उतरलो, तर तिथे आमच्या आधीच माणसं होती. चार बायका गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या वेचत होत्या. जिला मी मनात ‘निर्जन बेट’ म्हणत होतो, ते त्यांचं कामाचं ठिकाण होतं.

“खयसून इलात?” त्यांतल्या एका मावशींनी विचारलं. बेळगाव म्हटल्यावर लेकीला जवळ बोलावून वाळूतलं शिंपलं कसं ओळखायचं ते दाखवू लागल्या. त्यांचा हात सारखा आधी वाळू चाचपत होता, पाऊल नंतर पडत होतं. लेकीनं विचारलं, असं का? मावशींनी तळवा वर करून दाखवला. लांब, पांढरा व्रण. “काच लागली पायाक. तीन टाके पडले. तेवापासून आधी हातान चाचपतंय.” पंधरा दिवस घरी बसावं लागलं, तेवढे दिवस तिसऱ्या नाहीत, पैसे नाहीत.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, कुणी टाकली असेल?”

सहा वर्षांपूर्वी मी मित्रांबरोबर मोटारबोटीनं याच खाडीत आलो होतो. वाळूवर क्रिकेट, मोठ्यानं गाणी, बियरच्या बाटल्या. एक फुटली, तेव्हा आम्ही खड्डा करून तुकडे पुरले आणि वरून वाळू सारखी केली. आपण किती जबाबदार, असंही वाटलं होतं. जी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, तिच्यात पुरलेलं पुरलेलं राहत नाही, हे चार अभियंत्यांच्या डोक्यात आलं नाही.

मी ते लेकीला सांगितलं. मावशींनाही सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. “तुमचीच आसतली असा नाय. लय जणां येतत,” म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. माफ केलं की नाही, ते काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

नंतरचा अर्धा तास आम्ही त्या टोकावर काचा शोधल्या. बाटलीचा एक बूड, सात-आठ तुकडे, स्ट्रॉ, एक चप्पल. सगळं कयाकच्या जाळीत बांधलं. तेवढ्यात पाणी चढू लागलं. पट्टा कडेकडेनं बारीक होत गेला, बायकांनी टोपल्या उचलल्या, आणि आम्हीही निघालो. भरतीनं खरंच परत आणलं. लेक मध्येच वल्हं थांबवून मागे वळून पाहत होती. पट्टा दिसेनासा झाला होता, कुरव मात्र त्याच्यावर घिरट्या घालत होते.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. गावातल्याच माणसाला सोबत घ्या, ओहोटीचा तक्ता बघा, जॅकेट अंगावरून काढू नका. नेलेलं सगळं परत आणा, आणि काच तर नेऊच नका. आणि वाळूत उतरण्याआधी विचारा, “मावशी, इथे उतरलं तर चालेल का?”